अक्षर सुधारा

दत्त चौकात ऑटो थांबवायला मी हात वर केला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सर, डावा हात? उत्तर येत नाही वाटते."

वळून पाहिलं तर अपेक्षा. उमरखेडकडची, बी.एड.ही आमच्याच कॉलेजात केलेली, आता एम.एड. करणारी. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती आणि मी तिचा मार्गदर्शक. मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजताच डोक्यावर ऊन आलेलं, तिनं दुपट्टा कानाभोवती घट्ट गुंडाळलेला, त्यामुळे फक्त डोळे हसताना दिसत होते. "अगं, उजवा खांदा आखडलाय, वर जात नाही," मी म्हटलं. खरंच आखडला होता, सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं होतं. रोज सकाळी मी बेडरूमच्या भिंतीवर बोटांनी चढत असे आणि माझी बायको शोभा चहाचा कप घेऊन मागं उभी राहून, "काल स्विचबोर्डापर्यंत होतात, आज कॅलेंडरपर्यंत गेलात," अशी प्रगती सांगत असे. हे सगळं अपेक्षाला सांगायचं काही कारण नव्हतं, तरी मी सांगत सुटलो, कारण तिचं ते वाक्य मला लागलं होतं. वाक्य माझंच होतं. तिनं मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, परिशिष्ट चार पाह्यलं न तुमी?" मी म्हणालो, "पाहिलं की." "मंग काही म्हणाले नाही." "उद्या बोलू," मी म्हटलं, आणि थांबलेल्या ऑटोत बसलो.

पाहिलं नव्हतं. प्रबंधाचं परिशिष्ट कोण पाहतो? माझ्या हाताखालून साठेक प्रबंध गेले असतील. पहिलं प्रकरण मी बारकाईनं वाचतो, कारण बाहेरून येणारे परीक्षक तेवढंच वाचतात. मधल्या तक्त्यांच्या बेरजा शंभर टक्के येतात की नाही ते तपासतो, निष्कर्षांवरून नजर फिरवतो, आणि 'हे संशोधन विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केले असून' या छापील ओळीखाली सही करतो. मागं प्रश्नावल्या, पत्रं, झेरॉक्स असं काहीबाही जोडलेलं असतं, त्यानं प्रबंध जाड दिसतो, आणि तेवढंच त्याचं काम असतं. अपेक्षाच्या पाचही प्रती बांधून आल्या होत्या, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं: 'एम.एड. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे: चिंतनशील व आस्थावान शिक्षकाच्या संदर्भात एक अभ्यास'. विषय मीच सुचवला होता. उद्दिष्टंही एका अर्थी माझीच. चार-पाच वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून मी ती एका दुपारी दुसऱ्या एका कॉलेजच्या माहितीपुस्तकातून उतरवून काढली होती. आपल्या कृतीकडे मागे वळून पाहणारा शिक्षक घडविणे. विद्यार्थ्याविषयी आस्था बाळगणारा शिक्षक घडविणे. एकूण पाच होती, बाकीची तीन आता आठवत नाहीत.

ऑटो बसस्थानकाशी अडला आणि मला वामनराव गुरुजी आठवले. चौऱ्याहत्तर साली मी दारव्ह्याकडच्या एका शाळेत नवाकोरा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा साहेब तपासणीला येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "नीळकंठ, पोराईले सांगून ठेव. उत्तर येत असन तं उजवा हात, नसन येत तं डावा. पन हात सगळ्याईचा वर पाह्यजे. साहेबाले वर्ग फुललेला दिसते, अन तू उजव्या हातावाल्यालेच विचारतं." मी थक्क झालो होतो. इतकी साधी युक्ती, आणि कुणाचं काही बिघडत नाही. पुढं मी शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात आलो, मानसशास्त्र शिकवलं, प्रेरणा शिकवली, बालकाचा सर्वांगीण विकास फळ्यावर वर्तुळ काढून शिकवला, आणि दरवर्षी परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी बी.एड.च्या पोरांना ही युक्तीही सांगितली. पोरं हसायची, आणि वर्षभरात माझं तेवढंच लक्षात ठेवायची. अपेक्षा बी.एड.ला होती त्या सुमारास तर तिथं तोबा गर्दी होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, म्हणून ज्याच्या घरी बारावीच्या पुढे गेलेलं पोर होतं तो त्याला मास्तर करायला निघाला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची माहिती घ्यायला गावाकडं दिल्ली-मुंबईच्या पांढऱ्या गाड्या फिरत, विश्रामगृहात खोली मिळत नसे, आणि आमच्या एका वर्गात शंभर जण बसत. शंभर जणांचे प्रत्येकी वीस सराव पाठ, प्रत्येक पाठाची वही, वहीत शेवटचं एक पान 'चिंतन' म्हणून: पाठ कसा झाला, काय चुकलं, मुलांकडून मी काय शिकलो. दोन हजार चिंतनं. 'पाठ उद्दिष्टांनुसार झाला. मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' मागच्या तुकडीच्या वह्या विकत मिळत, सगळे त्यावरून उतरवत, आम्हाला ते माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. माझा शेरा ठरलेला असे. छान. अक्षर सुधारा. वाचलं आहे असं वाटायला हवं, म्हणून दुसरं वाक्य.

कॉलेजात पोचल्यावर पंखा लावला, पाणी प्यालो, आणि प्रबंध मागून उघडला. परिशिष्ट चार म्हणजे अपेक्षाच्याच बी.एड.च्या पाठवहीतल्या एका 'चिंतन' पानाचं झेरॉक्स होतं. तारीख सप्टेंबर दोन हजार सहा. वर्ग सातवा, विषय भूगोल, घटक काळी मृदा व कापूस. शाळा लोहाऱ्याच्या बाजूची, नाव झाकलेलं. पानाच्या तळाशी सही होती तिथंही तिनं झेरॉक्स करताना कागदाची पट्टी लावली होती, त्यामुळे तिथं पांढरी चौकट दिसत होती. चौकटीच्या वर शेरा मात्र राहिला होता. छान. अक्षर सुधारा. छ ची शेपटी खालच्या ओळीत गेलेली, माझी नेहमीची. आणि त्या शेऱ्याच्या वर, एका पानात मावावं म्हणून बारीक केलेल्या गिचमिड अक्षरात, हे होतं:

'आज माझा परीक्षेचा पाठ झाला. मुलांना उजवा-डावा हात सांगून ठेवला होता. पाठ सुरू झाल्यावर दुसऱ्या रांगेतल्या रेणुकाचा डावा हात वर होता. मी प्रस्तावना केली, तक्ता दाखवला, काचेच्या पेटीतलं बोंड दाखवलं, पाच प्रश्न विचारले. तिचा हात पूर्ण वेळ वर होता. मी तिच्याकडं पाहिलं नाही, कारण डाव्या हाताकडं पाहायचं नाही असं ठरलं होतं. तास संपल्यावर ती बाहेर व्हरांड्यात पडली आणि तिला उलट्या झाल्या. सकाळी शाळेत येण्याआधी तिनं वावरात फवारणीच्या औषधाच्या ड्रममध्ये पाणी भरलं होतं. तिला मळमळत होतं, दिसत नव्हतं, बाहेर जायचं होतं. सरकारी दवाखान्यात मी तिला विचारलं, उठली काहून नाही? ती म्हणाली, तुमीच सांगतलं होतं बाई, उठाचं नाही, बोलाचं नाही, नसन येत तं डावा हात कराचा. मला पाठाला पन्नासपैकी शेहेचाळीस गुण मिळाले. मला काय करावं ते कळत नाही. सर, कृपया मार्गदर्शन करावं.'

मी ते दोनदा वाचलं. नंतर चष्मा काढून पुसला, त्याला काही झालेलं नव्हतं. 'सर, कृपया मार्गदर्शन करावं,' हे कुणी मला उद्देशून लिहिलेलं त्या दोन हजार पानांतलं एकमेव वाक्य असावं, आणि त्याच्या खाली मी तिला अक्षर सुधारायला सांगितलं होतं. मला लाज वाटली. लाज हा शब्द मी व्याख्यानांत बऱ्याचदा वापरला आहे, पण ती कशी असते हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

पाठ मला आठवला. विसरलो होतो असं म्हणणं सोयीचं होतं, पण आठवला. मी मागच्या बाकावर निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलो होतो. काचेच्या पेटीतल्या बोंडाचं मला हसू आलं होतं, कारण खिडकीतून हात घातला असता तर खरं बोंड तोडता आलं असतं. आणि हात. दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला, बारीक हिरव्या बांगड्यांचा एक हात, दुखत असावा म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिलेला. मी तो पाहिला होता. डावा आहे हे पाहिलं होतं. 'वर्गसहभाग: उत्कृष्ट' असं लिहिताना माझी नजर त्याच हातावर होती. मग मी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला गेलो, बाहेर गलबला झाला, शिपाई सांगत आला की एक पोरगी चक्कर येऊन पडली. "उपाशी येतात हो," मुख्याध्यापक म्हणाले. मी बशीतलं बिस्कीट उचललं. ते ओलसर झालं होतं, नरम लागलं. दोन वर्षांपूर्वीच्या बिस्किटाची चव आठवते आणि पोरीचं तोंड आठवत नाही. तिचं तोंड मी पाहिलंच नव्हतं.

अकराच्या सुमारास प्राचार्यांनी बोलावलं. अनिकेत कधी काळी माझाच विद्यार्थी, आता माझा प्राचार्य. मी आत गेलो की तो अजून अर्धवट उठतो आणि मग बसतो. त्याच्या टेबलावरही प्रबंधाची प्रत होती, मागच्या बाजूनं उघडलेली. "सर, बाहेरच्या परीक्षक बाई अमरावतीच्या आहेत. लई कडक आहेत म्हणतात. त्या मागूनच वाचतात." त्यानं ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि कागदात गुंडाळलेलंच माझ्यापुढं सरकवलं. "पाचही प्रतींतून एवढं पान काढून घ्या. अनुक्रमणिकेत परिशिष्टं तीनच करू, टायपिंगची चूक म्हणू. तिचं नुकसान नाही, आपलं नाही." "आपलं म्हणजे?" मी विचारलं. अनिकेत खिडकीकडं पाहत म्हणाला, "अक्षर ओळखलं सर मी. माझ्या वहीवर बी हाच शेरा होता. वीसच्या वीस पाठांवर." नंतर थोडं हसून, "तवापासून सुधारलं नाही ते." मी ब्लेड घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं. मी ते परत सरकवलं नाही, हे इथं सांगितलं पाहिजे.

अपेक्षा लायब्ररीत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "मी परिशिष्ट आज वाचलं. सकाळी खोटं बोललो." ती म्हणाली, "मालूम हाय सर. वाचलं असतं तं तुमी ऑटोत बसले नसते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी रेणुकाचं विचारलं. चार दिवस दवाखान्यात होती, मग शाळेत आली, आता नववीत जाईल. "मी गेलती तिच्या घरी, या अभ्यासासाठी. तिची माय हंसाबाई म्हणे, बाई, तुमी तं शिकवून राह्यल्या होत्या, तुमाले काय मालूम. चहा देला मले. पोरगी चांगली हाय आता. फक्त वर्गात हात नाही करत. कोनताच." मी विचारलं, हे पान तिनं का लावलं. ती म्हणाली, "तीनशे बारा वह्या पाह्यल्या सर. दोनशे नव्वदमंधी एकच वाक्य होतं, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. बाकीच्या पोराईची पानं लावली अन माझंच लपवलं, तं कायचं चिंतन? पन तुमचं नाव नाही ठेवलं. पट्टी लावली." मग म्हणाली, "काढाचं आहे काय सर? तुमी म्हणसान तं काढते. उमरखेडच्या कॉलेजात जून महिन्यापासून जागा देतो म्हणाले, फक्त निकाल पाह्यजे. बाबाईनं घरी सगळ्याईले सांगून ठेवलं." ब्लेड खिशात होतं. मी म्हटलं, "पाहू." मास्तर लोक नाही म्हणायचं असलं आणि हो म्हणायचं असलं तरी पाहूच म्हणतात.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून शोभा खुर्ची टाकून बसली होती, तिला मी सगळं सांगितलं. ती बँकेत होती, तीस वर्षं सह्या ताडून पाहण्याचं काम केलेलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पट्टी तिनं लावली ना? मग तुम्हाला कशाची भीती?" मी म्हटलं, भीती नाही. "मग काय आहे?" निवृत्तीला चौदा महिने होते. निरोपसमारंभात लोक काय बोलतील ते मला साधारण पाठ होतं: मुलांवर आईसारखं प्रेम करणारे सर, वह्या मन लावून तपासणारे सर. ते ऐकायची मला हौस होती, उगाच कशाला नाकारू. त्या पांढऱ्या चौकटीखाली माझं नाव सुरक्षित होतं, आणि ते कुणी वाचवलं होतं तर जिच्या वहीवर मी न वाचता सही केली तिनं. शोभा म्हणाली, "पाणी गरम आहे, खांदा शेकून घ्या."

सकाळी कॅलेंडरच्या वर हात गेला नाही. ब्लेड कालच्या शर्टात राहिलं होतं, ते धुवायला टाकताना शोभाचं बोट कापता कापता वाचलं आणि तिनं ते काही न बोलता खिडकीत ठेवलं. मी पान काढलं नव्हतं. तो काही निर्णय नव्हता, फक्त मी ते केलं नव्हतं.

परीक्षक बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. खोलीत कूलर चालू होता, वाळ्याचा ओला वास येत होता. टेबलाच्या एका बाजूला त्या, मध्ये अनिकेत, या टोकाला मी, समोर अपेक्षा. बाईंनी प्रबंध मागून उघडला. "मी परिशिष्टापासून सुरू करते," त्या म्हणाल्या, "प्रकरणं सगळ्यांची सारखीच असतात." इतक्या वर्षांत असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मग त्या परिशिष्ट चारवर थांबल्या. बराच वेळ वाचत राहिल्या, तोवर कूलरचं पाणी टपटपताना ऐकू येत होतं.

"हे पान तुमचंच?"

"हो मॅडम."

"आणि हा शेरा?"

अपेक्षा म्हणाली, "नाव नाही सांगता येत मॅडम. कोनाचंच नाव येणार नाही असं ठरवलं होतं."

"मूळ वही आणा."

"वह्या एक वर्ष ठेवतात मॅडम. मंग रद्दीत जातात."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आवाज चढवला नाही. "हे पाहा, माझी अडचण समजून घ्या. पानावर इतकं लिहिलेलं आहे. पोरगी दवाखान्यात आहे, तुम्ही मार्गदर्शन मागताय. हे वाचून कोणी शिक्षक 'छान, अक्षर सुधारा' असं लिहील? मी अठरा वर्षं वह्या तपासते. असा माणूस असू शकत नाही. झेरॉक्सवर पट्टी ठेवून कुठलाही शेरा कुठल्याही पानाखाली आणता येतो. तुमचा सगळा निष्कर्ष या पानावर उभा आहे, आणि हे पान बनावट असेल तर मला प्रबंध परत पाठवावा लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा द्या."

अपेक्षाचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळत होतं. ती समोरच्या काचेच्या ग्लासावरची झाकणी सारखी करत राहिली आणि म्हणाली, "खरं आहे मॅडम पान. मले एवढंच सांगता येते." अनिकेत कूलरकडं पाहत होता. एक वाक्य बोललं की संपलं, आणि तरी ते वाक्य पायाखालच्या फरशीत अडकल्यासारखं वर येईना. आपण काही केलं नाही तर काय होईल, याचाही मी हिशेब करत होतो: तिचं एक वर्ष जाईल, तरुण आहे, उमरखेडची जागा जाईल, दुसरी मिळेल, सगळ्यांचं होतंच काही ना काही. मला या हिशेबाची किळस आली आणि तरी तो चालू राहिला.

बाईंनी प्रबंध मिटला. मग, बहुधा उगाच, खोलीकडं पाहून विचारलं, "इथं कोणाला माहीत आहे, हा शेरा कोणाचा?"

सवयीनं डावा हात उचलला गेला. मी तो खाली घेतला. उजवा उचलला. खांद्यातून कळ निघाली ती बोटांपर्यंत गेली, हात छातीच्या वर, हनुवटीच्या वर, कानापर्यंत आला आणि तिथं अडला. अपेक्षा म्हणाली, "सर, राहू द्या." बाईंनी तोवर माझ्याकडं पाहिलं नव्हतं, त्या पेनाचं टोपण शोधत होत्या. मी मास्तर, मी प्राध्यापक, मला हात वर न करताही बोलता आलं असतं. मी बोललो नाही. हात खाली घ्यावासा वाटत होता. रेणुकानं आपला हात पूर्ण तास, पस्तीस मिनिटं, धरला होता. मी डाव्या हातानं कोपराला आधार दिला, आणि बाई माझ्याकडं पाहीपर्यंत तो वरच ठेवला.